आपल्या पोरांच्या कंपन्या आणि कलम 23

नवी मुंबईत आपल्या समाजातल्या बऱ्याच तरुणांनी हाउसकीपिंग, सिक्युरिटी, पेस्ट कंट्रोल, कॅन्टीन अशा छोट्या सेवा कंपन्या काढल्या आहेत. नोकरी मागणारे राहू नका, देणारे व्हा, असे आपल्याच व्यासपीठांवरून सांगितले गेले आणि त्यात वावगे काही नाही. ऐरोली, महापे, तुर्भे इथल्या मोठ्या ऑफिसांची कामे त्यांना मिळतात. त्या कामांसोबत आता एक कागदही येऊ लागला आहे: आमच्याकडे आणि आमच्या पुरवठादारांकडे 'आधुनिक गुलामगिरी' नाही, असे लिहून द्यायचे. आपला पोरगा सही-शिक्का मारून तो परत पाठवतो. गुलामगिरी म्हटले की त्याला साखळदंड आठवतात. तुर्भे स्टोअरहून पहाटे ड्युटीला निघणारी मावशी आठवत नाही.

या कागदाचे एक मूळ ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यात आहे. तिथे धंदा करणाऱ्या, 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन काढावे लागते. गंमत अशी की 'आम्ही याबाबत काहीही केलेले नाही' असे निवेदन काढले तरी त्या कलमाची पूर्तता होते! तेव्हा सोपा मार्ग एकच उरतो. सह्या घेत घेत जबाबदारी खाली ढकलायची. ती शेवटी घणसोलीतल्या एखाद्या गाळ्यात, चाळीस कामगारांच्या कंपनीच्या टेबलावर येऊन पडते.

आपल्याला मात्र लंडनच्या कागदाची वाट पाहायचे कारण नव्हते. संविधानाचे कलम 23 वेठबिगारीवर सरळ बंदी घालते आणि ते फक्त सरकारवर नाही, खासगी मालकावरही चालते. सर्वोच्च न्यायालयाने हे 18 सप्टेंबर 1982 च्या एशियाड प्रकरणात स्पष्ट केले. दिल्लीत एशियाडच्या बांधकामांवर मजुरांना ठेकेदार जमादारांमार्फत आणत. किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे होते. जमादार त्यातला एक रुपया कापून घेई, हातात पडत 8 रुपये 25 पैसे. मारहाण नाही, कोंडून ठेवणे नाही. तरीही न्यायालय म्हणाले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात माणूस काम करतो तेव्हा भूक आणि गरिबी त्याला भाग पाडत असते; तीही सक्तीच आहे आणि असे काम म्हणजे वेठबिगारी. तो एक रुपया आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा.

कारण तो रुपया आजही कापला जातो. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही तेच ऐकतो. पगार बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्ड सुपरवायझरकडे असते. किंवा खात्यात पूर्ण पगार येतो आणि दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम रोखीने परत द्यावी लागते. कामाला लावल्याचे 'कमिशन', युनिफॉर्मचे डिपॉझिट, एका खाड्याला दोन दिवसांची कपात. गावाकडून आणलेल्या पोराला मुकादमाने उचल दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत त्याचे मूळ कागद मुकादमाच्या बॅगेत. यातला प्रत्येक प्रकार त्या सहीखाली येतो, आणि उचलीचा तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखालीही येऊ शकतो. ते कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे कर्ज देणाऱ्यावर आहे.

हे सगळे आपल्याला नवे नाही. महारवतन काय होते? काम सरकारचे, चोवीस तास, घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचे. आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. राबवणारा एक, द्यायचे दुसऱ्याने, आणि दुसऱ्याने दिले नाही तर दाद कुठे मागायची? बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, त्यातली एक मुख्य मागणी हीच होती की मोबदला ठरलेला आणि रोख असावा, गावाच्या लहरीवर नसावा. आजची मूळ कंपनी आणि तिचा ठेकेदार यांच्यामध्ये तीच फट आहे. म्हणूनच 1970 च्या ठेका कामगार कायद्याने ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा असे सांगितले, आणि नव्या श्रम संहितेतही ती तरतूद आहे. मात्र महाराष्ट्राने या कायद्याची मर्यादा 20 कामगारांवरून 50 वर नेली, संहितेतही 50 च आहे. आपल्या पोरांच्या कंपन्या बहुतेक याच खालच्या पट्ट्यात येतात. लायसन्सची कटकट टळली म्हणून खूश होणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की किमान वेतन आणि कलम 23 यांना डोकी मोजावी लागत नाहीत.

आता आमचे मित्र रागावतात. मोठे ठेकेदार वर्षानुवर्षे हेच करत आले, आमच्याच पोरांनी चार पैसे मिळवायला लागल्यावर तुम्हाला संविधान आठवले का? प्रश्न खोटा नाही. सर्वांत कमी दराला काम देणारी खरेदी पद्धत आपण बनवलेली नाही. पण फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू सांगितले, आणि ब्राह्मणशाही फक्त ब्राह्मणांत नसते हेही तिथेच सांगितले. ऑफिसात बाबासाहेबांचा फोटो असलेल्या ठेकेदाराने कापलेला रुपया कमी कापलेला ठरत नाही. शिवाय ज्या मावशीचा तो कापला जातो ती बहुतेक वेळा जालना-परभणीकडची आपलीच असते.

खरा प्रश्न दराचा आहे. किमान वेतन, मालकाचा पीएफ, ईएसआय, सुट्टीवर गेलेल्याच्या जागी लागणारा रिलिव्हर, बोनस, साहित्य हे सगळे मिळून जो आकडा येतो, त्याच्या खाली टेंडर भरले की फरक कुठून काढणार? पगारातूनच. बारा तासांची ड्युटी आठ तासांची लिहूनच. म्हणजे वेठबिगारी सुपरवायझरने कार्ड घेतले त्या दिवशी सुरू होत नाही, दर भरला त्या रात्री सुरू होते. जी गोष्ट कामगारांची, तीच पुढच्या ठेक्याची. सोसायटीची सांडपाण्याची टाकी साफ करायचे काम ठोक रकमेत तिसऱ्याला दिले आणि तो माणूस आत उतरून गेला, तर 'तो आमचा नव्हता' म्हणून सुटता येऊ नये. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 ला सांगितले आहे.

म्हणून आमचे सांगणे आहे, त्या कागदावर सही करा, पण सोबत दरपत्रक जोडा. माणशी किमान वेतन इतके, पीएफ इतका, रिलिव्हरचे इतके, आमचा नफा इतका. याखाली आम्ही माणसे पुरवू शकत नाही, तुमचा खरेदी विभाग याहून कमी मागत असेल तर पुरवठादारांकडची गुलामगिरी तोच तयार करतो आहे. एकट्या कंपनीने असे लिहिले तर काम जाईल, हे आम्हाला कळते. बेलापूर ते दिघा आपल्या पंधरा-वीस जणांनी एकच दर धरला आणि कामगार संघटनेला सोबत घेतले, तर खरेदी विभागाला पंधरा-वीस ठिकाणी तेच उत्तर ऐकावे लागेल. आणि हे दरपत्रक कामगारांच्या हजेरीच्या जागीही लावा, मराठीत, हिंदीत. आपल्या नावावर किती रुपये येतात हे मावशीला वाचता आले, की कार्ड कुणाकडे ठेवायचे हे ती स्वतः बघेल.