‘पॉवर’ पेट्रोल टाकल्याने बाइकची खरंच पॉवर वाढते का?

पंपावर बाइक उभी केली की टाकीचं झाकण उघडायच्या आधीच प्रश्न येतो, “साधं की पॉवर?” खरं तर पॉवर हे एचपीच्या पेट्रोलचं नाव. इंडियन ऑइलचं एक्सपी95 वेगळं, भारत पेट्रोलियमचं स्पीड वेगळं. पण लोकांच्या तोंडी सगळीच ‘पॉवर’. लिटरमागे काही रुपये जास्त मोजायचे, तर बदल्यात मिळतं काय?

मिळतो ऑक्टेन. आता ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते. दाब जास्त आणि ऑक्टेन कमी असेल, तर मिश्रणाचा काही भाग आपणहूनच पेट घेतो आणि इंजिन टकटक वाजतं. याला नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन जेवढा जास्त, तेवढं पेट्रोल हा दाब सहन करतं. बस, एवढंच त्याचं काम.

म्हणून प्रश्न तुमच्या इंजिनाचा आहे. स्प्लेंडरचं कॉम्प्रेशन 10:1 च्या आसपास, क्लासिक 350 चं 9.5:1. ही इंजिनं साध्या पेट्रोलवर चालावीत अशीच बनवली आहेत. केटीएम 390 ड्यूकचं कॉम्प्रेशन साडेबाराच्या वर जातं, तिथे ऑक्टेनचा विचार करायला अर्थ आहे.

खरी गंमत पुढे आहे. बीएस6 मध्ये साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान 91 होता. इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या घरात, त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळल्यावर साधं पेट्रोलच 95 वर गेलं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. म्हणजे 95 चा आकडा बघून जे जास्तीचे पैसे मोजले जात होते, तो आकडा आता साध्या नोझलमधूनच येतो. उरतात इंजेक्टर साफ ठेवणारी रसायनं. त्यांचा थोडा उपयोग असेलही, पण नव्या गाडीत फरक जाणवणं कठीण.

ई20 चा गोंधळ सुरू झाल्यापासून मात्र अनेक जण इथेनॉल टाळायला 95 वालं पेट्रोल भरतात. हा नेम चुकलेला आहे. 95 म्हणजे इथेनॉलमुक्त नव्हे. इथेनॉल नको असेल तर 100 ऑक्टेनकडे जावं लागतं. डिसेंबर 2020 मध्ये एक्सपी100 दिल्लीत आलं तेव्हाच त्याचा भाव लिटरला 160 रुपये होता. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांची काळजी वाटत असेल, तर ई20 ला चालणाऱ्या नळ्या बसवून घेणं यापेक्षा स्वस्त पडेल.

गाडी नॉकिंग करत असेल तर आधी मेकॅनिककडे न्या, इंजिनात कार्बन साचलेला असू शकतो. आणि मॅन्युअलमध्ये किंवा टाकीजवळच्या स्टिकरवर 95 पेक्षा मोठा आकडा लिहिला असेल, तर तो पाळाच.

बाकी हिशेब सोपा आहे. महिन्याला 20 लिटर पेट्रोल आणि 8 रुपयांचा फरक धरला तर वर्षाचे 1,920 रुपये होतात. साध्या 100 सीसी बाइकचं इंजिन ऑइल तेवढ्यात दोनदा बदलून होतं, वर एअर फिल्टरही येतो.