हात लावू नकोस, बिघडेल!

आजचा विषय आहे प्लॅस्टिकची पाणबुडी. हो, पाणबुडीच. ज्यांना हा पोरखेळ वाटतो त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. पण खरं सांगायचं तर हा लेख त्यांच्यासाठीच लिहितोय.

पाणबुडीचं नाव सीव्ह्यू. आयर्विन ॲलनचा ‘व्हॉयेज टू द बॉटम ऑफ द सी’ हा सिनेमा १९६१ साली आला आणि त्याच नावाची टीव्ही मालिका १९६४ ते १९६८ अशी चार सीझन चालली. त्यातली ही पाणबुडी. पुढे माशासारखं पसरट नाक, त्यात मोठ्या काचेच्या खिडक्या आणि मागे त्या काळातल्या अमेरिकन गाड्यांना असायचे तसे पंख.

आता गंमत बघा. सिनेमात आणि मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये नाकावर बाहेरून आठ खिडक्या होत्या, चार-चारच्या दोन ओळी. आतून दाखवताना मात्र चारच! (आपल्या भाषेत, यूआय एक सांगतोय आणि डेटाबेस भलतंच.) १९६५ साली दुसरा सीझन रंगीत झाला तेव्हा स्टुडिओने हे निस्तरलं. शूटिंगची साडेआठ फुटी आणि सव्वासतरा फुटी मॉडेल्स त्यांनी फेकून दिली नाहीत, त्यांचंच नाक बदललं. आठाच्या चार खिडक्या झाल्या. खाली पोटात फ्लाइंग सब नावाची पिवळी, उडणारी छोटी पाणबुडी ठेवायला जागा केली. आणि आतली कंट्रोल रूम पुढे थेट खिडक्यांपर्यंत आणली. थोडक्यात व्हर्जन टू, त्याच कोडबेसवर.

मोबियस कंपनीचा १/१२८ स्केलचा सीव्ह्यूचा किट आहे. बांधून झाला की ३९ इंच, म्हणजे जवळपास एक मीटर. तो चार खिडक्यांचा. मला हवी होती सिनेमातली, आठ खिडक्यांची. त्यामुळे सध्या आमच्या हिंजवडीच्या फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलवर (तसंही त्यावर कोणी जेवत नाही) नाक कापलेली सीव्ह्यू पडून आहे, आणि गेले दोन महिने मी लोकांची मुक्ताफळं ऐकतोय.

रूममेट म्हणाला, “एवढे पैसे घालून, कस्टम्स भरून आणलेला कोरा करकरीत किट कापलास? वेडा आहेस का?” किट जमवणारा एक मित्र म्हणाला, “अरे, बॉक्स उघडायचाच नव्हता. पाच वर्षांनी दुप्पट किंमत आली असती.” आणि गावाकडून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातून (माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून उस्मानाबादच आहे), मामाचा फोन आला, “आरं, हितं प्यायला पाणी न्हाई अन् तू पाणबुड्या कसल्या करायलास?”

तिघांची भाषा वेगळी, पण वाक्य एकच आहे. आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. हात लावू नकोस, बिघडेल! माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी हे ‘कापणं’ म्हणजे काय ते समजून घ्या. किट सूचनापत्रकाप्रमाणे जोडणं हे एक काम झालं. एक नंबरचा तुकडा दोन नंबरला चिकटवा, पुढे चला. त्यातही मजा आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच किटचं दुसरं व्हर्जन करायचं ठरवलं की सूचनापत्रक संपतं आणि डोकं सुरू होतं. पहिल्यांदा सिनेमा फ्रेम-फ्रेमने थांबवून खिडक्यांची मापं काढायची. मग सगळे भाग गोंद न लावता नुसत्या मास्किंग टेपने जोडून बघायचे, कुठला भाग कशाला धरून उभा आहे ते कळायला. नाकाच्या डाव्या बाजूचा पुठ्ठ्याचा साचा कापायचा आणि तोच उलटा करून उजव्या बाजूला लावायचा, म्हणजे दोन्हीकडचा बाक सारखा येतो. त्यानंतर करवत.

आणि एक खिडकी बदलून भागत नाही. खिडक्या बदलल्या की नाकाचा बाक बदलतो. सिनेमातल्या पाणबुडीला फ्लाइंग सब नव्हती, म्हणून पोटातली ती जागा बुजवायची. कंट्रोल रूम खिडक्यांशी नव्हती, म्हणून आत दिवे लावणार असाल तर काचेतून दिसणारं सगळं बदलायचं. चार ओळींचा चेंज म्हणून घेतलेलं काम सतरा फाइल्समध्ये कसं पसरतं, हे ज्यांनी प्रॉडक्शनमध्ये भोगलंय त्यांना मी काय म्हणतोय ते बरोबर कळेल.

जोडकामाचंही तसंच. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा खास गोंद हा खरं तर द्रावक असतो. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून वाळतात, म्हणजे जवळजवळ वेल्डिंगच. फेविक्विक नुसता मधे बसतो. फटी राहतात तिथे लांबी भरायची, मग ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून मारायचा आणि वर करडा प्रायमर. प्रायमर मारला की आतापर्यंत झाकलेला प्रत्येक ओरखडा वर येतो. कोड रिव्ह्यूमध्ये गोड बोलणारे भेटतात, प्रायमर कधीच गोड बोलत नाही. :)

“पण हल्ली थ्रीडी प्रिंट करून तयार नाक मिळतं की!” मिळू दे. आठ खिडक्यांचा अख्खा किट तयार मिळाला तरी माझी हरकत नाही. प्रिंट केलेलं नाक शेवटी कापलेल्या धडाला बसवायचंच आहे, आणि सगळं काम त्या जोडावर आहे. लायब्ररी डाउनलोड केली म्हणून इंटिग्रेशन झालं, असं आपल्या ऑफिसात कोणी म्हणालं तर आपण हसतो ना?

आता ‘ओरिजिनल’वाल्यांकडे वळू. ओरिजिनल म्हणजे नेमकं कुठलं? सगळ्या काल्पनिक पाणबुड्यांची आजी म्हणजे ज्यूल व्हर्नची नॉटिलस. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, त्यामुळे कॅप्टन नेमो आपल्याकडे परका नाही. व्हर्नच्या डोक्यात नेमो आधी पोलिश होता. रशियन वाचक दुखावतील म्हणून प्रकाशक एत्झेल अडून बसला, तेव्हा १८७० च्या कादंबरीत नेमो कुठला ते गुलदस्त्यातच राहिलं. पुढच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये, १८७५ साली, तो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला! म्हणजे लेखकानेच हिरो बदलला. व्हर्नची नॉटिलस गुळगुळीत सिगारच्या आकाराची, ७० मीटर लांब. डिस्नीने १९५४ च्या सिनेमात तिला रिव्हेट मारले आणि पाठीवर करवतीचे दात बसवले. आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच दात असलेली नॉटिलस येते. मग ‘जसं आहे तसं ठेवा’ म्हणणाऱ्यांनी यातली कुठली ठेवायची ते तरी सांगावं.

बरं, हे सगळं सिनेमा-पुस्तकांचं झालं म्हणाल, तर खऱ्या पाणबुडीकडे या. मुंबईच्या माझगाव डॉकने नौदलासाठी कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या. पहिली कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली, सहावी वाघशीर जानेवारी २०२५ मध्ये. लांबी साडेसदुसष्ट मीटर, म्हणजे व्हर्नच्या नॉटिलसपेक्षा जेमतेम अडीच मीटरने कमी. (म्हातारा काय अंदाज बांधत होता राव!) या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्या. बॅटरी चार्ज करायला त्यांना पृष्ठभागाजवळ येऊन डिझेल इंजिनांसाठी हवा ओढावी लागते, आणि नेमकी तेव्हा त्या सापडण्याची भीती जास्त. यावर उपाय म्हणून डीआरडीओच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेने फ्युएल सेलवर चालणारी एआयपी यंत्रणा विकसित केली. ती बसवायची कशी? तर पाणबुडी मधोमध कापायची, यंत्रणेचा एक नवा तुकडा आत घालायचा आणि पुन्हा जोडायची! ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने त्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार केला.

चालती पाणबुडी कापायची. नवा तुकडा घातला की वजन बदलतं, तरंगण्याचा हिशेब बदलतो, तोल बदलतो. जोड समुद्राच्या दाबाखाली टिकायला हवा, म्हणून असल्या वेल्डिंगचे एक्स-रे काढतात. ‘हात लावू नकोस, बिघडेल’ म्हणणाऱ्या माणसाला हे काम द्याल का? मी तरी नाही देणार.

आणि कृपा करून याला जुगाड म्हणू नका. त्या शब्दाचं आपल्याकडे फार कौतुक चाललेलं असतं. जुगाड म्हणजे आजचा दिवस निभावला, उद्याचं उद्या बघू. मॉडिफिकेशन म्हणजे मूळ डिझाईन वाचायचं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते ठरवायचं, आणि जोड दिसणार नाही, सुटणार नाही असा करायचा. दोन्हीत करवत असते म्हणून दोन्ही एकच होत नाहीत.

आता मामाच्या प्रश्नाचं उत्तर. धाराशिवला समुद्र नाही, हे मान्य. पण पाणबुडी गावोगाव आहे! आमच्याकडे पाणबुडी म्हटलं की बोअरमधली मोटर. लांबट, निमुळती आणि वर्षानुवर्षं पाण्याखाली. ती जळाली की पाइपांसकट वर ओढायची आणि तालुक्याला रिवाइंडिंगच्या दुकानात न्यायची. तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठेही जा. विशीतलं पोरगं मोटर उघडतं, जुन्या तारेचा गेज बघतं, वेढे मोजतं आणि नव्याने भरतं. व्होल्टेज कमी येतं म्हटलं तर हिशेब बदलून भरतं. पाणी खाली गेलं असेल तर पंपाच्या स्टेज वाढवायच्या का, मग एचपी पुरेल का, याचं गणित तोंडी करतं. एका किटचं दुसरं व्हर्जन करणं म्हणजे नेमकं हेच काम. त्या पोराला आपण म्हणतो ‘मिस्त्री’. आणि आयुष्यात एकही मोटर न उघडता डिग्री घेतलेल्या माझ्यासारख्याला गावात म्हणतात ‘इंजिनिअर साहेब’. लग्नाच्या बाजारात दोघांचे भाव काय असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

कॉलेजात आम्हाला काय शिकवलं? प्रॅक्टिकलची जर्नल्स सीनियरच्या जर्नलवरून उतरवायची. महागडं उपकरण कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते सर रजेवर. फायनल इयरचा प्रोजेक्ट तर शहरात तयार विकत मिळतो, रिपोर्ट आणि व्हायवाच्या प्रश्नोत्तरांसकट. चार वर्षांत आम्ही एकतर कोऱ्या कागदावर सिद्धांत लिहिला, नाहीतर दुसऱ्याचं जसंच्या तसं उतरवलं. या दोन्हींच्या मधलं काम, म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं समजून घेऊन नीट बदलणं, ते कुठल्याच विषयात नव्हतं. आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून करतोय काय? तेच! दहा वर्षं जुनं, लिहिणारा सोडून गेलेला कोड उघडायचा आणि चालू ठेवून बदलायचा. त्यात किती जणांचे हात थरथरतात ते रोज बघतो. हुशारी कमी नसते, हात लावायची सवय नसते.

शाळांसाठी पैसा नाही असंही नाही. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब योजना २०१६ पासून आहे, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. दहा हजार लॅब झाल्या, आणि २०२५ च्या बजेटमध्ये पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. आमचा जिल्हा २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिमबरोबर. चांगलं आहे. पण पोरांच्या हातात करवत द्यायची भीती वाटणार असेल, तर २० लाखांची लॅब म्हणजे पुन्हा एक कुलूपबंद कपाटच.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक लॅबमध्ये दहा वस्तू अशा ठेवा, ज्या बिघडल्या तरी कोणी विचारणार नाही. एखादी जळालेली पाणबुडी मोटर, एखादा जुना मिक्सर, एखादा प्लॅस्टिकचा किट. आठवड्यातून एकदा त्या रिवाइंडिंगवाल्या पोराला मानधन देऊन शिकवायला बोलवा, आणि त्याला ‘सर’ म्हणा. फायनल इयरला एक तरी प्रोजेक्ट असा ठेवा की असलेली वस्तू घ्या, तिचं दुसरं व्हर्जन करा, आणि काय कापलं, का कापलं ते लिहून द्या. विकत घेतलेल्या प्रोजेक्टमध्ये ते शेवटचं पान कोणालाच लिहिता येणार नाही.

तुम्ही-आम्ही तर शहरात बसलोय, आपल्या हातात एवढंच की ते वाक्य पुढच्या पिढीला द्यायचं नाही. घरातलं एखादं पोर उद्या मिक्सरचे स्क्रू काढताना दिसलं, तर प्लग काढलाय ना तेवढं बघा. आणि मग त्याला बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर शोधून द्या.