तक्त्याच्या तळाशी

लहानपणी माझा एक गैरसमज होता. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर 'साखळी स्पर्धा', 'साखळी सामने', 'साखळीत धेंपो अव्वल' असले मथळे असत आणि मला वाटे, हे सगळे सामने आमच्या साखळीतच होतात! डिचोली तालुक्यातले आमचे गाव साखळीच्या जवळचे. बाबांबरोबर तिथल्या बाजाराला गेलो की मी ते मोठे मैदान शोधत असे. पुढे शाळेत गुरुजींनी उलगडा केला, तेव्हा सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण थोडा हिरमुसलोच.

आमच्या घरात पुस्तके नव्हती. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, आई चौथीपर्यंत. मात्र एका पत्र्याच्या ट्रंकेत वर्तमानपत्रांची कात्रणे होती, आणि ती बहुतेक सगळी धेंपो क्लबची. बाबा तेव्हा खाणीवर टिपर चालवीत. रविवारी चारपाच जण मिळून फातोर्ड्याला सामना पाहायला जात. त्या कात्रणांतले गुणतक्ते वाचतच मी बेरीज-वजाबाकी शिकलो, असे म्हटले तरी चालेल. गेल्या दिवाळीत ती ट्रंक मी पुन्हा उघडली. त्याला कारण आपल्या महाविद्यालयातच घडले. ते शेवटी सांगतो.

आधी तो तक्ता पाहू. देशाची राष्ट्रीय फुटबॉल साखळी १९९६-९७ साली सुरू झाली. पहिल्या आठ मोसमांपैकी सहा विजेतेपदे कोलकात्याने नेली, तीन मोहन बागानने आणि तीन ईस्ट बंगालने. पुढच्या नऊ मोसमांत, म्हणजे २००४-०५ ते २०१२-१३ या काळात, कोलकात्याला एकही विजेतेपद मिळाले नाही. नवांपैकी आठ गोव्यात आली. चर्चिल ब्रदर्सने दोन मिळवली, साळगावकरने एक आणि धेंपोने पाच. महाराष्ट्राहूनही लहान असलेल्या कित्येक राज्यांच्या मानाने लहान, अशा आपल्या या चिमुकल्या प्रदेशाने हे केले, यावर आज नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही.

त्यातला पहिला मोसम सुखाचा नव्हता. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. समोर मोहन बागान. धेंपोने तो २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची धडक झाली, तो मैदानावर कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. चषक हातात आला आणि तो आणणारा गेला. त्याचा १० क्रमांकाचा सदरा क्लबने पुन्हा कोणाला दिला नाही. ते कात्रण बाबांनी वेगळ्या कागदात घडी करून ठेवले आहे. त्याच मोसमात धेंपो प्रथमच राष्ट्रीय साखळीचा विजेता झाला. दुसरा क्रमांकही गोव्याच्याच स्पोर्टिंगचा होता.

पुढे २००६-०७. मग नाव बदलून आय-लीग झालेल्या स्पर्धेचा पहिलाच मोसम, २००७-०८. त्यात धेंपो आणि चर्चिल यांचे गुण सारखे झाले आणि चषक धेंपोकडे गेला. पुढे २००९-१० आणि २०११-१२. मध्येच २००६ चा ड्युरँड चषक, आणि २००८ साली एएफसी चषकाची उपांत्य फेरी. प्रशिक्षक आर्मांद कुलासो. या वर्षांत महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा असे खेळाडू संघात होते. पुढे रँटी मार्टिन्स आणि बेटो. रँटीने २०११-१२ च्या एकाच मोसमात ३२ गोल केले.

येथवर सारे सोपे आहे. जिंकणाऱ्याची गोष्ट सांगायला फारशी अक्कल लागत नाही. खरा प्रश्न यापुढचा.

२०१४-१५ च्या मोसमात हाच संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. गंमत अशी, की तो शेवटचा नव्हताच! त्याच्याही खाली पुण्याचा भारत एफसी होता. पण नव्याने थेट प्रवेश मिळालेल्या त्या संघाला पदावनतीपासून संरक्षण होते. म्हणून पाच वेळचा विजेता खाली गेला आणि शेवटचा वर राहिला. तो वर राहिलेला संघही पुढच्या मोसमापूर्वी बंद पडला.

आमच्या तालुक्यात कोणालाही विचारा, 'धेंपो का घसरला?' उत्तर तयार असते, 'खाणी बंद झाल्या म्हणून.' २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, हे खरे. आमचा कर्जाने घेतलेला टिपर त्या महिन्यापासून अंगणात उभा राहिला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. त्याच्या चाकांभोवती गवत वाढताना मी पाहिले आहे. म्हणून मलाही हे उत्तर बरीच वर्षे पटत होते. पण तारखा जुळवून पाहिल्या, तेव्हा ते जुळेना. धेंपोंनी आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला होता, आणि त्यानंतरही क्लबने दोन विजेतेपदे मिळवली. आपले दुःख मोठे असले म्हणजे जगातल्या प्रत्येक घटनेचे कारण तेच असते असे नाही. हे मला त्या ट्रंकेने शिकवले.

मग कारण काय? एक तर साधेच आहे. रँटी २०१२ मध्ये कोलकात्याला गेला, पुढच्या वर्षी कुलासोही कोलकात्याच्या संघाकडे गेले. जुने खेळाडू थकत चालले. असे प्रत्येक संघाचे होते. दुसरे कारण मोठे. २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. गोव्यात एफसी गोवा हा नवा संघ निघाला आणि त्याच्या आरंभीच्या भागीदारांत धेंपो आणि साळगावकर या जुन्या क्लबांचे मालकही होते. पैसा, प्रेक्षक आणि दूरदर्शनचा पडदा तिकडे वळला. त्या स्पर्धेत खाली जाण्याची भीती नव्हती आणि खालच्याला वर येण्याची वाटही नव्हती.

तरी धेंपोने २०१५-१६ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क मिळवला. एका वर्षात! पण त्याच सुमारास आय-लीगला दुय्यम स्थान देण्याचा घाट घातला गेला आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तिन्ही गोमंतकीय क्लबांनी निषेध म्हणून माघार घेतली. त्यांची बाजू मला समजते. कोट्यवधी रुपये खर्चून ज्या शिडीवर चढायचे, तिची वरची पायरीच कोणी काढून घेतली, तर चढायचे कशासाठी? निषेध योग्यच होता. मात्र त्याची किंमत मोजली ती मैदानावर घाम गाळून बढती मिळवणाऱ्या पोरांनी. मालकाला दुसरा उद्योग असतो. बावीस वर्षांच्या खेळाडूला दुसरे बाविसावे वर्ष नसते.

अशा वेळी अनेक संघांनी सोपा मार्ग पत्करला आहे. त्या नऊ मोसमांत गोव्याबाहेर गेलेले एकमेव विजेतेपद, २००५-०६ चे, मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे होते. तो संघ २०१० मध्ये बंद झाला. पहिला राष्ट्रीय विजेता, फगवाड्याचा जेसीटी, २०११ मध्ये बंद झाला. त्यांचे तक्ते तेथेच संपतात. धेंपोचा संपला नाही. राष्ट्रीय तक्त्यात त्याचे नाव नव्हते त्या वर्षांतही तो गोव्याच्या स्थानिक साखळीत खेळत राहिला. फातोर्ड्याची गर्दी नाही, मथळे नाहीत, तरी सराव चालू. मग २०२३-२४ मध्ये द्वितीय श्रेणीतून पुन्हा बढती मिळाली आणि २०२४-२५ मध्ये, नऊ वर्षांनी, धेंपो आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होता त्याच जुन्या संघाचा बचावपटू समीर नाईक. त्याने चषक जिंकला नाही, पण पुन्हा खालीही गेला नाही.

बाबांना विचारले, तर ते पाच विजेतेपदे बोटांवर मोजून दाखवतील. मला विचाराल, तर मी ती रिकामी वर्षे दाखवीन. ज्यांची कात्रणेच ट्रंकेत नाहीत, ती. जिंकताना सगळेच खेळतात. कोणी पाहत नसताना, तक्त्यात नावही नसताना जो खेळतो, त्याला मी संघ म्हणतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्या स्पर्धेत खाली जाण्याची भीती नाही, तिच्यात वर जाण्याचा मानही नाही. खाली जाण्यात लाज नाही. दार बंद करण्यात आहे. पदावनती ही शिक्षा वाटते खरी, पण ती एक वचनही आहे: 'उद्या पुन्हा ये, जागा आहे.' २०२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला वरच्या स्पर्धेत जाण्याची वाट मिळाली, हे उशिरा का होईना, बरे झाले. पण वर येणाऱ्याला वाट असेल, तर खाली जाणाऱ्यालाही ती असली पाहिजे.

आता ते कारण सांगतो. आपल्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षे पहिल्याच सामन्यात हरला. जिमखान्याच्या बैठकीत सूचना आली की, पुढच्या वर्षी प्रवेशिकाच पाठवू नये. बूट, सदरे, गाडीभाडे, सारा खर्च वाया जातो आणि नाव खराब होते ते वेगळेच. मी त्या संघात डाव्या बाजूचा बचावपटू आहे, तेव्हा माझे मत निःपक्षपाती आहे असे मी म्हणणार नाही. दुसरा गोल माझ्याच बाजूने झाला, हेही कबूल करतो.

पण गुरुजनहो, मित्रहो, एवढेच विचारतो. गेल्या वर्षी माझा इंग्रजीचा पेपर राहिला होता. निकालाच्या फलकासमोर उभा असताना मला वाटले, आमच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते ते योग्यच होते. घरी जाऊन बाबांना सांगितले, 'मी सोडतो.' ते अंगणात हात धूत होते. टिपर विकून त्यांना तेव्हा बरीच वर्षे झाली होती. ते दुसऱ्याच्या टेम्पोवर बदली चालक म्हणून जात होते. म्हणाले, "पेपर परत देता येतो ना? मग द्यायचा. गाडी गेली म्हणून मी गाडी चालवायची सोडली काय?"

पेपर मी परत दिला आणि सुटलो. गुण सांगण्यासारखे नाहीत. पण त्या दिवशी विद्यापीठाने माझे नावच काढून टाकले असते, तर हा लेख लिहायला मी या वर्गात नसतो. परीक्षेत नापास झालेल्याला पुन्हा बसू देणारे आपले महाविद्यालय मैदानावर हरलेल्यांना ती संधी नाकारणार का?

प्रवेशिका पाठवावी, एवढीच विनंती आहे. कदाचित आम्ही तिसऱ्यांदाही हरू. तक्त्याच्या तळाशी का होईना, आपले नाव तिथे असू द्या. तळाला असलेले नाव वर जाऊ शकते. नसलेल्या नावाला ती सोय नसते.

— द्वितीय वर्ष, कला