शांतता विकत घेणे आहे

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही. घरच्यांना कारण माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच आठवडे स्पेनला होते, भाचीकडे. भाची आणि भाचेजावई पंचवीस वर्षं इंग्लंडात, पासपोर्टही तिथलाच. आता दोघांनी नोकऱ्या सोडल्या आहेत आणि समुद्रापासून दूर, तेरुएल प्रांतातल्या एका लहानशा गावात घर घेऊन कायमचं राहायचं ठरवलं आहे. आधी तीन महिने भाड्याने राहून बघणं चाललं होतं. जानेवारीत खरेदीखतावर सही आहे.

घरच्या ग्रुपवर त्यांचे फोटो सगळ्यांनी बघितलेच आहेत. दगडी घर, लाकडी दार, मागे डोंगर. त्याखाली तुम्ही सगळ्यांनी काय लिहिलं ते मी मोजलं. "किती शांत!" हे अकरा वेळा. दादाने तर "स्वर्ग" लिहिलं. मी एकटीने काही लिहिलं नाही, म्हणून आता लांबलचक लिहिते. भाचीला विचारून लिहिते आहे. "लिही आत्या, फक्त गावाचं नाव घालू नकोस," म्हणाली.

तर घर बघायला गेलो तेव्हा दलाल बरोबर होता. चांगलं इंग्रजी बोलणारा, हसतमुख माणूस. घर छानच आहे, खोटं का बोलू. माडीच्या खिडकीतून खाली एक अंगण दिसलं आणि तिथे मुलं चेंडू खेळत होती. शाळेची मधली सुट्टी. भाचेजावयांनी सहज विचारलं, रोज एवढा आवाज असतो का? त्यावर तो दलाल म्हणाला, काळजी करू नका, सहाच मुलं उरली आहेत. दोनेक वर्षांत शाळा बंद होईल.

ही त्या घराची जमेची बाजू म्हणून सांगितली! आणि आमची मंडळी "अच्छा" म्हणून पुढची खोली बघायला गेली.

मी छत्तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात शिकवलं. मे महिन्यात उन्हातान्हातून वाडीवाडीवर जाऊन "पहिलीत कोणी आहे का हो घरात" विचारत फिरले आहे. पट टिकवायचा म्हणजे काय असतं ते ज्याने केलं त्यालाच कळतं. त्या माडीवर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणी होते म्हणून गप्प बसले.

तुम्ही ज्याला शांत म्हणता ते गाव पूर्वी शांत नव्हतं. तेरुएल प्रांतात 1920 च्या सुमाराला अडीच लाख माणसं होती. आज जेमतेम एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास आहेत. चौरस किलोमीटरमागे नऊ माणसं! आपला सिंधुदुर्ग आपल्याला ओसाड वाटतो, तिथे 2011 च्या जनगणनेत हाच आकडा 163 होता. 1950 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत इथली माणसं बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, सारागोसाला गेली. स्पेनमधली कितीतरी खेडी अशीच माद्रिदला, नाहीतर सरळ फ्रान्स-जर्मनीच्या कारखान्यांत गेली. कारखाने शहरात निघाले, शेतात यंत्रं आली, गावाकडे कोणी लक्ष दिलं नाही. तेरुएलहून माद्रिदला आजही थेट रेल्वे नाही.

स्पेनमध्ये या भागाला एक नाव आहे. सेर्खिओ देल मोलिनो या लेखकाचं 2016 साली पुस्तक आलं, त्यात तो 'रिकामा स्पेन' म्हणाला. पण गावातल्या लोकांना ते पटलं नाही. ते म्हणतात 'रिकामा केलेला स्पेन', एस्पान्या वासियादा. व्याकरण शिकवलेल्या बाईला हा फरक फार आवडला. रिकामा हे नुसतं विशेषण. रिकामा केलेला म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी केला? 31 मार्च 2019 ला हे लोक हजारोंच्या संख्येने माद्रिदच्या रस्त्यावर उतरले होते. 'तेरुएल आहे' अशा अर्थाच्या नावाची त्यांची चळवळ 1999 पासून आहे. नोव्हेंबर 2019 च्या निवडणुकीत त्यांचा एक खासदारही निवडून आला. आपण अस्तित्वात आहोत हे सांगायला ज्यांना चळवळ करावी लागते, त्यांच्या गावाबद्दल आपण "किती शांत" म्हणायचं?

आता भोंग्याची गोष्ट. त्या गावात नगरपालिकेचे भोंगे खांबांवर लावलेले आहेत. सकाळी आधी थोडं संगीत वाजतं आणि मग एक बाई काहीबाही सांगते. आपल्याकडची दवंडीच ती, फक्त विजेवरची. भाचीने मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं: मासळीची गाडी चौकात आली आहे, आणि गुरुवारी डॉक्टर येणार नाहीत. (डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात.) भाचेजावई म्हणाले, हे बंद करून घेता येत नाही का, एखादा अर्ज वगैरे? आणि उठून खिडकी लावली. शेजारच्या ऐंशीच्या पुढच्या आजी मात्र त्याच वेळी स्वेटर चढवून पिशवी घेऊन निघाल्या होत्या. त्यांच्याकडे मोबाईल आहे की नाही मला माहीत नाही, पण भोंगा आहे. पावाची गाडी येते तीही कर्णा वाजवत येते. गावातलं एकुलतं एक बार, जिथे म्हातारे दुपारी पत्ते कुटतात, तिथे टीव्ही एवढ्या मोठ्याने चालू असतो की मला दोन वर्गांच्या मधल्या पार्टिशनची आठवण झाली. म्हणजे गाव बिचारं जमेल तेवढा आवाज करतंय. आपण तो ऐकायलाच तयार नाही.

आणि तो 'एक्सपॅट' शब्द! भाची स्वतःला एक्सपॅट म्हणवते. शाळेतल्या त्या सहा मुलांपैकी चार मोरोक्कोच्या दोन कुटुंबांतली आणि एक रुमानियाचं. एका मुलाचा बाप मेंढ्या राखतो. त्याला मात्र सगळे 'इमिग्रंट' म्हणतात, भाचीसुद्धा. मी विचारलं, अगं तोही परदेशातून आला, तूही परदेशातून आलीस, मग फरक काय? तर म्हणे, "आत्या, आम्ही इथे काम मागायला नाही आलो." वा. काम न करणं ही मोठी पदवी झाली.

पण सरकारचंही तेच म्हणणं आहे, हे व्हिसाचे कागद बघितल्यावर कळलं. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यामुळे यांनाही आता व्हिसा लागतो. त्यासाठी उत्पन्न दाखवावं लागतं ते एका सरकारी आकड्याच्या चौपट. त्या आकड्याचं नाव 'इप्रेम'. नावात प्रेम आहे एवढंच. 2023 साली तो महिना 600 युरो ठरला, म्हणजे एका माणसामागे 2400, जोडीदाराचे आणखी 600. वर्षाचे एकट्याचे 28,800 झाले. 2025 सालचं किमान वेतन वर्षाच्या 14 हप्त्यांत मिळून 16,576 युरो होतं. म्हणजे राबणाऱ्याच्या पावणेदोन पट पैसे दाखवा, आणि वर अट अशी की या व्हिसावर काम करायचं नाही! बार चालवणारा थकला आहे, त्याला बार कोणाच्या तरी हाती द्यायचा आहे. भाचेजावई इतके हौशी की आनंदाने चालवतील, पण कायद्याने चालत नाही. गावाला हात हवे आहेत आणि दार उघडतं ते खिशाला.

याच प्रांतातल्या आग्वाव्हिवा नावाच्या गावाने 2000 साली वेगळं केलं होतं. तिथल्या नगराध्यक्षांनी अर्जेंटिनातून आणि रुमानियातून कुटुंबं बोलावली. मुख्य गोष्ट अशी की शाळेत जाणारी मुलं असलेली कुटुंबं मागितली. सगळी टिकली असं नाही, काही गेली. पण त्या माणसाला गावाचं दुखणं नेमकं कळलं होतं.

भाचीचं म्हणणंही सांगायला हवं, नाहीतर ती म्हणेल आत्याने एकतर्फी लिहिलं. ती म्हणते, आमच्यामुळे एक पडकं होणारं घर उभं राहील, गवंड्याला काम मिळेल, दुकानातून आम्ही सामान घेऊ, आणि गावाच्या पटावर दोन नावं वाढली की नगरपालिकेला सरकारी पैसे थोडे जास्त मिळतील. हे सगळं खरं आहे, मला मान्य आहे. पण मग मी विचारलं, हिवाळ्यात कुठे असणार? जवळच्या कालामोचाला 1963 च्या डिसेंबरात उणे तीस अंश नोंदले गेले होते. तेव्हा म्हणाली, नाही गं, डिसेंबर ते मार्च लंडनला मुलाकडे. म्हणजे दार बंद असणाऱ्या घरांत आणखी एकाची भर. ऑगस्टात जत्रेला बार्सिलोनाहून नातवंडं येतात तेव्हा गाव चार-पाच पट होतं म्हणे, आणि सप्टेंबरात कुलपं. आपल्याकडे गणपतीत होतं तसंच.

तोंडावर फेकायला सोपं आहे ते मला, हेही सांगते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये कमी झाली, त्यात माझंही एक डोकं आहे. निवृत्त झाले आणि डोंबिवलीला आले. गावचं घर शिमग्याला उघडतं. भाचीने हे मला त्या माडीवरून उतरतानाच ऐकवलं होतं आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. पण मी निदान "किती शांत" म्हणून फोटो टाकत नाही. मला ते कुलूप बघून लाज वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी मी शाळेत गेले. बाई तरुण आहेत, तीन गावांच्या शाळा गाडीने फिरून करतात. त्यांना इंग्रजी थोडं येतं, मला स्पॅनिश शून्य. मी हातवारे करून सांगितलं की मीही शिक्षिका. त्यांनी मला फळ्यापाशी नेलं. मी देवनागरीत सहाही मुलांची नावं लिहून दाखवली, तर मुलांनी अशी आरडाओरड केली की काय सांगू! एकाला आपलं नाव तीनदा पुसून परत लिहून हवं होतं.

भाचीला मी एवढंच सांगून आले की घर घ्यायचंच असेल तर घे, पण आधी भाषा शीक आणि एक हिवाळा काढ. आणि त्या बाईंना जाऊन विचार की आठवड्यातून दोन दुपारी फुकट इंग्रजी शिकवू का म्हणून. फुकट शिकवण्यावर बंदी आहे का, तेही व्हिसावाल्यांना आधीच विचार. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. थोडी रागावली आहे.

दादा, वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. रविवारी मीच फोन करणार आहे.