शोधण्याचीही मजुरी असते

आमच्या सौंदडवरून नागपूर-रायपूर हमरस्ता जातो. त्यावर कधीमधी जमिनीला घासेल अशा बुटक्या स्पोर्ट्स कारचेही दर्शन घडते. अशी गाडी उभी राहिली की पोरे गोळा होतात, आणि बंद पडली की मोठी माणसेही! पण गाडी कितीही ऐटबाज असो, तिचे दुखणे बहुधा साधेच निघते. इंधन पोचत नाही, ठिणगी पडत नाही, हवा नको तिथून शिरते, नाहीतर इंजिन तापते. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमिअर पद्मिनीची हीच दुखणी. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात झळकलेली दिलीप छाब्रियांची 'अवंती' तरी त्यांतून कशी सुटणार?

सुटीत मामांच्या गॅरेजात बसण्याचा मला नाद आहे. (कला शाखेच्या मुलाचे तेथे काय काम, असे विचारणाऱ्या मित्रांनी एकदा येऊन बसावे.) गेल्या उन्हाळ्यात तेथे एक दोन आसनी गाडी आली. इंजिन सीटच्या मागे. पंप गळतो म्हणून वाटेत कोठेतरी तो बदललेला. तेव्हापासून तापमानाचा काटा लालवर. पुढच्या गॅरेजवाल्याने तर हेड गॅस्केटचा भलामोठा खर्च सांगून मालकाला घाबरवले होते. मामांनी पान्याला हात न लावता विचारले, "पंप बसवल्यावर पाणी भरताना हवा काढली होती का हो?" मालकाला ठाऊक नव्हते. अशा पुष्कळ गाड्यांत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मध्ये लांबलचक नळ्या. त्यांत हवेचा बुडबुडा अडकला की पाणी फिरत नाही. इंजिन पुरते गार होऊ दिले, हवा काढली, पाणी भरले, पंखा वेळेवर फिरतो का पाहिले. काटा जागेवर आला. यात दीड तास गेला.

मालक म्हणाले, "काही बदललेच नाही, मग पैसे कशाचे?"

माझा वाद या प्रश्नाशी आहे. भागाचे पैसे आपण मुकाट्याने देतो आणि शोधण्याच्या मजुरीवर घासाघीस करतो. मग मेकॅनिक भागच विकणार! संगणकी यंत्र आले म्हणून हे थांबलेले नाही. यंत्र सांगते, मिश्रणात इंधन कमी आहे. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, आणि चीर असते हवेच्या रबरी नळीला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! यंत्र लक्षण सांगते. रोग माणसानेच शोधायचा असतो.

शोधण्याला फार भांडवलही लागत नाही. एक सिलिंडर चुकतो आहे? त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायर पाहा. किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक होते? स्टार्टर खोलण्याआधी बॅटरीची टोके घासा, अर्थची वायर हलवून पाहा, मीटर लावा. स्थिर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी.

म्हणून बिलात 'तपासणी' असा वेगळा रकाना असावा, असे माझे मत आहे. काय तपासले आणि काय आढळले, हे त्यात लिहावे. भाग बदलला असेल तर जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. आणि काहीच बदलावे लागले नाही, तर गिऱ्हाइकाने त्या रकान्याचे पैसे आनंदाने मोजावेत. त्याचे हेड गॅस्केटचे पैसे वाचलेले असतात.