एक निगेटिव्ह, अनेक चंद्रोदय
छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने 1 नोव्हेंबर 1941 रोजी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. लाइट मीटर ऐनवेळी सापडेना. चंद्राची तेजस्विता पाठ असल्याने एक्स्पोजर त्याने मनातच ठरवले. दुसरा फोटो घेईपर्यंत दफनभूमीतल्या क्रुसांवरचे ऊन सरले होते. खरी मेहनत मात्र डार्करूममधली. छपाईत आकाशाला जास्त प्रकाश देऊन तो ते गडद करी. 1948 मध्ये निगेटिव्हचा खालचा भागही त्याने रसायनाने अधिक ठळक केला. सुरुवातीच्या प्रिंटांत वरच्या ढगांच्या रेषा दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळेच. अशा हजाराहून अधिक प्रिंट त्याने स्वतः काढल्या. दुर्मीळ तेच महाग, हा बाजाराचा नियम इथे लंगडा पडतो: 2006 मध्ये सदबीजच्या लिलावात एक प्रिंट सहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली.