बालकांचे अंगण कोठे आहे?

चार वर्षांच्या मुलास एबीसीडी येत नाही म्हणून हळहळणारे आईबाप महाड-पोलादपुराकडे आम्हांस पुष्कळ भेटतात. परंतु त्याच मुलास एका पायावर क्षणभर तोल सावरता येतो काय, अंगावर आलेला चेंडू दोन्ही हातांनी धरता येतो काय, अशी पृच्छा करणारा गृहस्थ अद्याप आमच्या पाहण्यात आलेला नाही. पाटी लवकर हाती आली म्हणजे शिक्षण लवकर सुरू झाले, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा असून त्यापायी मुलांच्या हातापायांचे नुकसान होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल, की खेड्यातल्या पोरांस धावण्या-खेळण्याचे शिक्षण ते काय द्यावयाचे? उमरठच्या बाजूस डोंगर चढउतार करणाऱ्या मुलाचे पाय बळकट होतात, हे आम्हांसही कबूल आहे. पण चढणे हे एक कौशल्य झाले. फेकणे, झेलणे, उडी मारून दोन्ही पायांवर अलगद उतरणे, धावता धावता वळणे ही निराळी कौशल्ये असून ती वयाबरोबर आपोआप येत नाहीत. वारंवार करून पाहिल्यानेच अंगवळणी पडतात. जिच्या कडेवर सहाव्या वर्षीच धाकटे भावंड बसते, त्या मुलीस धावावयास केव्हा मिळणार? आणि मुंबईच्या एका खोलीत वाढलेले चाकरमान्याचे पोर मोबाईल हाती दिल्यावाचून घास घेत नाही, ही तर घरोघरची कथा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाकाठी निदान १८० मिनिटे हालचाल व्हावी व त्यांपैकी ६० मिनिटे तरी चांगली दमछाक करणारी असावी.

खेळांसाठी परदेशी साहित्य मागविण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीस गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण चालवून दाखविले. मात्र खेळ वयास साजेसा हवा. तीन वर्षांच्या मुलास लंगडी घालावयास लावणे म्हणजे त्यास पाडणे होय. त्याने आधी शेतातल्या बगळ्याप्रमाणे, भिंतीस हात लावून, एका पायावर उभे राहावे. चार-पाच वर्षांच्या सुमारास एका पायावर उडी साधते, मग ठिकरी आणि त्यानंतर लंगडी. जमिनीवर सुंभ पसरून त्यावरून बांधावरून चालावे तसे चालावयास सांगावे. पुढे तोच सुंभ वीतभर उंच धरून ओलांडावयास लावावा. झेलावयाचा चेंडू चिंध्यांचा, मोठा व मऊ असावा. तो प्रथम घरंगळत द्यावा, नंतर जवळून हळूच टाकावा. कठीण चेंडू नाकावर बसला की मूल डोळे मिटू लागते. तीन करवंट्या एकीवर एक रचून चार पावलांवरून पाडावयास दिल्या, की नेम येऊ लागतो. बेडकाची उडी आणि खेकड्याची चाल शिकविण्यास तर कोकणात चित्रेही नकोत. एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा: या वयात कोणी ‘बाद’ होऊ नये. बाद होणारे मूल बहुधा सर्वांत कच्चे असते, आणि सरावाची गरज त्यालाच सर्वांत अधिक. त्यालाच आपण बाजूस बसवितो!

आता जागेचा प्रश्न. अंगणवाडीच्या नावात अंगण आहे. पण कित्येक ठिकाणी त्या जागेवर खडीचा ढीग किंवा कोणाची तरी मोटारसायकल असते. कायदा पाहावा, तर २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असून शाळेस क्रीडांगण असावे असे त्याच्या परिशिष्टात नमूद आहे. सहा वर्षांखालील मुलांविषयी कलम ११ काय म्हणते? सरकार आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतील अंतर कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही सांगावयास नको. मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करणारा आंतरराष्ट्रीय करार हिंदुस्थानाने १९९२ साली स्वीकारला. त्याने चार वर्षांच्या पोरास अंगण मिळाले, असे मात्र झाले नाही.

कागद आणि वापर यांतील हे अंतर महाडास नवीन नाही. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव येथील नगरपालिकेने १९२४ साली केला होता, परंतु डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी २० मार्च १९२७ रोजी स्वतः तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावास अर्थ आला. हायकोर्टाचा निकाल लागावयास तर १९३७ साल उजाडले. तेव्हा अंगणासाठी ‘करू शकेल’चे ‘करील’ होण्याची वाट ग्रामपंचायतींनी पाहू नये. जागा मोजून तिला कुंपण घालण्याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि दुसऱ्या दिवशी मुलांस तेथे खेळावयास सोडावे. त्या मुलांत बौद्धवाडीची व कातकरीवाडीचीही असली पाहिजेत. दूरच्या वाडीवरून येणाऱ्या पोरास कोणी आणावयाचे, हेही त्याच सभेत ठरावे.

उरला पाऊस. जून ते सप्टेंबर उघड्यावर खेळणे इकडे दुरापास्त, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा मुले खोलीत कोंडली जातात. यास पडवीवाचून दुसरा उपाय आम्हांस दिसत नाही. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात आणि घरोघरी पावसाळ्यापूर्वीची डागडुजी चाललेली असते. त्याच हाताने अंगणवाडीपुढे चार खांब रोवून वर पत्रे घालावेत, खाली सारवण करावे; म्हणजे पहिली सर आली तरी मुलांस करवंट्या उचलून तेवढे आत सरकावे लागेल.